ट्रॉम्सोचं स्थळ

बेसिंगस्टोकच्या आमच्या मंडळात नवीन कुणी आलं, की त्याला आधी सतीश बंडगरच्या पुढ्यात बसवतात. त्याच्या प्रश्नांना जो पुरून उरला, तो कुठल्याही मॉर्गेजवाल्यापुढं टिकतो.

सतीश आटपाडीकडचा, मेंढरामागं फिरणाऱ्या घरातला. सांगलीला इंजिनिअरिंग करून तो इकडं आला आणि नोकरी मिळाली ती सॉफ्टवेअर टेस्टरची. म्हणजे दुसऱ्यानं 'चालतंय' म्हणून दिलेलं कुठं चालत नाही ते, म्हणजे त्यातला 'बग', शोधायचा, आणि वर त्याचाच पगार घ्यायचा. माशाला पोहायचा पगार मिळावा तसं झालं.

घर घेताना एजंटानं ते उन्हात दाखवलं, म्हणून हा गडी पुन्हा भर पावसात एकटाच गेला आणि परसात उभा राहून पाणी कुणीकडं वळतंय ते बघत बसला. शेजारच्या ब्रायननं आपल्या बागेतला भोपळा प्रेमानं कुंपणावरून दिला, तर ह्यानं तो उभा चिरला, दोन्ही फोडी हुंगल्या आणि मगच बायकोच्या हातात ठेवला. ब्रायन तिकडून बघत होता. मी एकदा म्हणालो, "सत्या, एवढा संशय घेऊन तू झोपतोस कसा?"

"आबा, मेंढरांच्या वाड्यावर राखणीला एक जण जागा आसतोय म्हणून बाकीचं झोपत्यात," तो म्हणाला. "आमच्या घरात त्यो मी हाय."

त्याची लेक अक्षया, एकुलती एक. क्रॉयडनला फिजिओथेरपिस्ट. दोन हिवाळ्यांमागं ती मैत्रिणींबरोबर ट्रॉम्सोला गेली. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाचं हे शहर. थंडीत आकाशात हिरवे उजेड नाचतात ते बघायला जगभरातली माणसं तिथं जातात. गेली, आली, फोटो दाखवले. पुढं ईस्टरला परत गेली. पुढच्या नोव्हेंबरात परत.

"एकदा उजेड बघितला की बघितला," सतीश मला म्हणाला. "तिनदा काय बघायचं आसतंय? तिथं माणूस हाय."

आणि माणूस होता. आस्लाक नावाचा. सामी, म्हणजे तिकडची मूळची माणसं, त्यातला. घरचे रेनडिअर होते आणि हिवाळ्यात ते पर्यटकांना दाखवायचा धंदा. अक्षयानं सगळं सरळ सांगितलं. पोरगी इथंच वाढलेली, मराठी बोलते पण व्याकरणातल्या लिंगाशी तिचं वैर.

"बाबा, माझा डिसिजन झाली आहे. पण तुमचा 'हो' पाहिजे. तुम्ही नाही म्हणालात तर मी लग्न नाही करणार. पण मग दुसरा कोणाशी पण नाही."

सतीशनं त्या रात्री जेवण टाकलं. दुसऱ्या दिवशी माझ्याकडं आला आणि बुटासकट आत शिरला.

"जनावरामागं चालून माझ्या बापाच्या टाचंत बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या व्हत्या. तिथनं म्या पळालो. हितवर आलो. आणि ही परत जनावरामागं निघाली! बरं, जनावरं तरी त्याचीच हायती का? टूरिस्टापुढं हुभी करायला भाड्यानं आणली नसतील कशावरनं?"

"मग विचार की त्याला."

"विचारून कळतंय व्हय? सांगून गेलं की शेजाऱ्याची म्हस गोठ्यात आणून बांधत्यात. माझ्या मावशीला आसंच फसवलं. स्थळ बघायचं तर न सांगता जायचं."

असं ठरलं. सतीश, त्याची बायको मनीषावैनी आणि मी. स्थळ बघायला घरचीच माणसं पुरत नाहीत, गावचा एक तिऱ्हाईत लागतो, तो मी. बुकिंग माझ्या नावावर, म्हणजे बंडगर आडनाव कुठं दिसायला नको. अक्षयाला काही कळू द्यायचं नाही, असं सतीशनं वैनींना बजावलं. वैनी "बरं" म्हणाल्या. एवढ्या लवकर त्या कधी बरं म्हणत नाहीत, हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं.

जानेवारीच्या सुरवातीला ट्रॉम्सोत उतरलो. तिथं त्या दिवसांत सूर्य उगवतच नाही. भर दुपारी निळसर उजेड येतो, चुलीतल्या राखेत नीळ मिसळावी तसा, आणि जातो. सतीश विमानतळाबाहेर उभा राहून आभाळाकडं बघत म्हणाला, "हितं स्थळ बघायचं कसं? माणसाचं तोंड दिसंना."

पर्यटकांना तिथं जे जे करायला लावतात ते सगळं आम्ही केलं, कारण संशय यायला नको. बुटांना खिळ्यांचे पट्टे बांधून बर्फावरनं चाललो. डोंगरावर केबल कारनं गेलो. कुत्र्यांच्या गाडीत बसायला एक जाड अंगरखा देतात, डोक्यापासून टाचेपर्यंत एकच. वैनी त्यात शिरल्या आणि म्हणाल्या, "अहो, आता मला टॉयलेटला लागली तर?"

"तर भाड्याचा ड्रेस हाय, सांभाळ," सतीश म्हणाला.

हस्की कुत्री गाडीला जुंपली की वेडी होतात, कधी पळायला मिळतंय म्हणून कालवा करतात. बाकीची माणसं फोटो काढत होती. सतीशनं हातमोजा काढून एका कुत्र्याच्या बरगड्यांवरनं हात फिरवला. "खायला घालत्यात," तो हळूच मला म्हणाला. अख्ख्या गावाबद्दल त्यानं काढलेला हा पहिला बरा शब्द.

संध्याकाळी उजेड बघायला बसनं शहराबाहेर नेलं. आकाशात पांढुरका पट्टा दिसला. गाइड म्हणाली, मोबाइलमधून बघा. मोबाइलमध्ये तो हिरवा.

"डोळ्याला पांढरं आन् मोबाइलला हिरवं?" सतीशनं माझी बाही ओढली. "हा बग हाय, आबा. मी आसला माल परत पाठवतो."

तेवढ्यात तो पट्टा पेटला. खरोखरचा हिरवा, कडेला जांभळा, आणि कुणी धोतर झटकावं तसा या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत हलला. सगळे ओरडले. सतीश तोंड वर करून उभा राहिला, बराच वेळ. मग गाइडला विचारलं, "हे रोज असतं का?"

"नाही."

"बघ, भरवशाचं न्हाई," तो मला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आस्लाकच्या वाडीवर. डोंगराच्या पायथ्याला लाकडी कुंपण, आत रेनडिअर, मधे त्यांचा उंच टोकाचा तंबू, वरच्या भोकातनं धूर. आस्लाक दारातच होता. उंच, गालाला थंडीनं तडे, कमरेला सुरी. सगळ्यांशी हात मिळवले. सतीशचा हात त्याच्या हातात जरा जास्तच वेळ राहिला. तळव्यावर घट्टे आहेत का ते बघत होता, मला ठाऊक. तंबूच्या तोंडाशी आस्लाकची आई, मारित, भांडं ढवळत बसली होती. ठेंगणी, निळ्या डोळ्यांची बाई. इंग्रजी बेताचं. ती भांड्याकडं कमी आणि आमच्याकडं जास्त बघत होती.

आधी जनावरांना चारा घालायचा. मग त्यांच्या गाडीत बसून एक फेरा. मग तंबूत विस्तवाभोवती रेनडिअरच्या मटणाचं पातळ कालवण, बटाटा-गाजर घातलेलं. सतीशनं दोन वाट्या घेतल्या.

"मिठानं कमी हाय," तो म्हणाला, "पण मटण जून न्हाई."

आस्लाक लोकांना जनावरांविषयी सांगत होता. सतीशनं हात वर केला. ज्या प्रश्नासाठी हा माणूस समुद्र ओलांडून आला होता, तो प्रश्न त्यानं बेसिंगस्टोकच्या मीटिंगमध्ये विचारावा तसा विचारला.

"तुमच्याकडं रेनडिअर किती आहेत?"

 कालवण ढवळणारी मारितबाईची पळी थांबली. आस्लाक विस्तवाकडं बघून हसला, पण ते हसू ओठावरच.

"आहेत," तो म्हणाला. "झाडाच्या दोन्ही अंगाला आहेत." आणि पुढच्या माणसाकडं वळला.

बाहेर आल्या आल्या सतीशनं मला कुंपणाकडं ओढलं. "बघितलंस? टाळलं. ज्याच्याकडं हाय त्यो सांगतोय, न्हाई त्यो झाडं दाखवतोय. म्हस शेजाऱ्याचीच हाय, आबा."

"आरं, सगळ्यांच्या देखत कशाला सांगंल?"

"थांब. तोंड खोटं बोलतंय, कान न्हाई बोलत."

आमच्याकडं मेंढराच्या कानाला खुणेची चीर देतात, घराघराची वेगळी. तशीच रेनडिअरच्या कानाला असते, हे त्यानं सकाळीच हेरलं होतं. हातात चारा घेऊन तो आत शिरला. एक जनावर खाताना कान धरला, बघितला. दुसऱ्याचा बघितला. तिसऱ्याचा. पाठीच्या कण्यावरनं अंगठा ओढत, शिंगं चुकवत, तो असा फिरत होता की जणू बापाच्या वाड्यावरनं कधी गेलाच नव्हता. पंचवीस वर्षं कीबोर्ड बडवणारा माणूस! मग तो माझ्याकडं आला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते, बग सापडल्यावर चमकतात तसे.

"कानाकानाची खूण येगळी. एका घरची जनावरं न्हाईत ही. गोळा करून आणल्यात. झालं, चल. लेकीला फोन लाव."

मागनं आवाज आला, "तुम्ही काय शोधता?"

मारितबाई होती. बाजूला आस्लाक. आणि त्यांच्या मागं, अंगरख्यात फुगलेल्या, मनीषावैनी.

सतीश चारा टाकून ताठ उभा राहिला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "ह्यांच्या कानांवर वेगवेगळ्या खुणा का आहेत?" त्यानं इंग्रजीत विचारलं, चोराला विचारावं तसं.

आस्लाकनं आईला सांगितलं. बाई कुंपणाच्या आत आली आणि एकेक कान धरून दाखवत गेली. आस्लाक इंग्रजी करून सांगत होता. ही खूण माझी. ही आईची. ही बहिणीची. ही वडिलांची, ते वारले, त्यांची जनावरं अजून त्यांच्याच खुणेची आहेत. आमच्यात घरातल्या प्रत्येकाची खूण वेगळी असते.

"बाईची जनावरं बाईच्या खुणेची?" वैनींनी मधेच विचारलं.

"हो. लग्न झालं तरी तिचीच राहतात."

"माझं मत झालं," वैनी मराठीत म्हणाल्या. "तुमचं चालू द्या."

सतीश एवढ्यानं हटणार नव्हता. "मग आकडा का सांगितला नाही?"

आस्लाकनं हे आईला सांगावं की न सांगावं असा विचार केला, मग सांगितलं. बाईनं सतीशला खालपासून वरपर्यंत बघितलं. मग तिनं त्यालाच विचारलं. आस्लाक म्हणाला, "आई म्हणते, तुम्ही कणा बोटानं बघता. कान खूण कापणाऱ्या सुरीवाल्यासारखा धरता. तुमच्या घरी काय होतं?"

"मेंढरं. बापाची."

"किती?"

सतीशनं तोंड उघडलं. आणि मी माझ्या डोळ्यानं बघितलं, त्या तोंडातनं आकडा येईना.  त्याच्या बापाला कुणी व्यापारी, तलाठी, सोयरा, कुणीही विचारो, म्हातारा एकच बोलायचा. मेंढरं तोंडानं मोजली की नजर लागते. लहानपणी सतीशनं पाव्हण्यासमोर बोटं दुमडत मोजायला सुरवात केली, तर बापानं काठीच पाठीत घातली होती, हे त्यानंच मला कितीदा सांगितलेलं.

"हायती," सतीश शेवटी बापासारखंच म्हणाला. मराठीतच. "बिरोबाच्या दयेनं हायती."

आस्लाकला कळलं नाही. बाईला न सांगता कळलं. ती हसली नाही. एक चापटी मात्र तिनं जनावराच्या पाठीवर मारली, पण ती खरी बसली सतीशच्याच पाठीवर.

"इथं असं विचारणं म्हणजे," आस्लाक हळू म्हणाला, "तुमच्या बँकेत पैसे किती आहेत, असं विचारणं. म्हणून आम्ही 'झाडाच्या दोन्ही अंगाला' एवढंच म्हणतो. अक्षयाला मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिनं तुम्हाला सांगितलं नाही, मिस्टर बंडगर?"

'बंडगर' ऐकल्यावर सतीशची मान गर्रकन बायकोकडं वळली. "तू सांगितलंस?"

"सांगितलं," वैनी म्हणाल्या. "लेकीला. तिनं ह्यांना. चोरासारखं जाऊन लोकांचं कान बघायचं काय वय हाय का आपलं?"

"म्हंजे ह्यांना सगळं ठावं व्हतं! मग कालवण, चारा, ही सगळी... ही तयारी करून ठेवलेली!"

"मग? पाव्हणं येणार म्हटल्यावर तुमच्या आईनं कधी शेणानं सारवलं न्हाई व्हय?"

आस्लाकनं विचारलं, काय म्हणताहेत. मी म्हणालो, घरगुती आहे. मग मारितबाई काहीतरी बोलली आणि आस्लाकचे कान लाल झाले. तरी त्यानं इंग्रजी करून सांगितलं: "आई म्हणते, ती पण सकाळपासून तुम्हाला बघत होती. कालवण दुसऱ्यांदा मागितलंत ते बरं झालं म्हणते. पण एवढ्या संशयी माणसाची मुलगी सून म्हणून कशी निघेल, ह्याचा ती अजून विचार करते आहे."

सतीशला उलटं कुणी पारखलं, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. तो जरा वेळ बर्फावर बुटाचे खिळे घासत राहिला.

"हिवाळ्यात सगळ्यांची जनावरं गोजिरी दिसत्यात," तो म्हणाला. मग आस्लाकला, इंग्रजीत: "उन्हाळ्यात जनावरं कुठं असतात?"

"किनाऱ्याकडं. वसंतात हाकत नेतो."

"चालत?"

"बरंचसं. आता स्नोमोबाइल पण असते."

"मी येईन. सांगणार नाही कधी ते."

"या," आस्लाक म्हणाला. "पायात चांगले बूट घाला."

 परत येताना विमानात सतीश 'हो' म्हणाला नाही, 'नाही' पण म्हणाला नाही. घरी अक्षया येऊन बसलेली. तिनं विचारलं, "बाबा?" तर हा म्हणाला, "मला चहा टाक आधी," आणि बूट काढून आपल्याच टाचा बघत बसला. पोरगी चहा टाकायला उठली. मला वाटलं, आता हा हिवाळा, मग उन्हाळा, मग आणखी काही निघेल.

महिनाअखेर मंडळाचा तिळगूळ होता, कम्युनिटी हॉलमध्ये. बातमी हॉलमध्ये आमच्या आधी पोचलेली. डॉक्टर यशोधन म्हणजे पुण्याचे, हॉस्पिटलात मोठे, आणि बोलायला लागले की माइक लागत नाही. त्यांनी तिळगूळ तोंडात टाकत टाकत सगळ्यांच्या देखत विचारलं, "काय सतीशराव, नॉर्वेचं स्थळ बघून आलात म्हणे! मुलाकडं रेनडिअर किती आहेत?"

अक्षया वड्यांचं ताट घेऊन फिरत होती. तिचं ताट थांबलं.

सतीशनं डॉक्टरांकडं असं बघितलं, जणू डॉक्टरांनी त्याच्या बायकोचं वय विचारलंय.

"आसं इचारत्यात व्हय, डॉक्टर?" तो म्हणाला. "हायती. झाडाच्या दोन्ही अंगाला हायती."

डॉक्टरांना काही उलगडलं नाही. अक्षयानं ताट तिथंच टेबलावर ठेवलं आणि फोन घेऊन दाराबाहेर पळाली. सतीशनं ताटातली एक वडी उचलली, मोडून आत काय आहे ते बघितलं, आणि मग खाल्ली.