खंडेनवमीला बंद केलेला खेळ

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, आणि त्यातून कॉम्प्युटरला. त्यामुळे येवल्यात नात्यातल्या कुणाचाही मोबाइल अडला की नाशिकला मला फोन येतो. मी पंचवटीत एका मित्राबरोबर खोली घेऊन राहतो. विचारलेलं मला बहुतेक वेळा येत नसतं. तरी मी "बघतो" म्हणतो.

पप्पा पैठणी विणायचे. मागच्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय सुधारला, हात राहिला. बोटं मुठीत आखडलेली असायची. डॉक्टरांनी दाबायला मऊ चेंडू दिला होता, तो पप्पांनी मागाखाली सरकवून दिला. "मी काय लहान पोरगं हाय का," म्हणाले.

खोलीतल्या मित्राकडे हातात धरून खेळायचा एक छोटा कन्सोल होता. कोपरा तुटलेला, आत विंडोजसारखीच पण वेगळी, लिनक्स नावाची सिस्टीम. त्याने नवा घेतला तेव्हा जुना मला दिला. उन्हाळ्यात मी तो घरी नेला. त्यात घाटातून गाडी चालवायचा एक खेळ होता. पप्पांनी एका दुपारी बघायला मागितला आणि मग परत दिलाच नाही.

गाडी वळवायला उजवा अंगठा लागतो. सुरुवातीला पप्पांची गाडी सरळ कठड्यावर जायची. एक घाट पार केला की पुढचा उघडतो. फोनवर ते तब्येतीचं काही बोलायचे नाहीत. "पुलाचा घाट झाला," एवढंच सांगायचे, आणि अंगठा किती वळायला लागलाय ते मला समजायचं. नवरात्रापर्यंत ते धुक्याच्या घाटात पोचले होते. आई म्हणाली, काल त्यांनी भाकरी उजव्या हाताने मोडली.

खंडेनवमीच्या सकाळी कन्सोलने अपडेट मागितलं. पप्पांनी हो म्हटलं. मी त्यांना सांगून ठेवलं होतं तसा तो चार्जिंगला लावला आणि पडद्यावरची अपडेटची पट्टी भरेपर्यंत हात लावायचा नाही म्हणून आंघोळीला गेले. आईला यातलं काही माहीत नव्हतं. ती पूजा मांडत होती. आमच्याकडे त्या दिवशी माग, धोटा, कात्री, विळी, सगळ्यांना हळदकुंकू लागतं, आणि पूजेतली वस्तू चालवत नाहीत. पप्पांचा हात ज्याने सुधारतोय ते हत्यार मागे कसं ठेवायचं, म्हणून तिने कन्सोलही पाटावर घेतला. त्याचा दिवा लुकलुकत होता. मोबाइलसारखं बटण दाबून धरून तिने तो बंद केला.

मला दुपारी फोनवर कळलं.

"आई, चालू करून बघ ना."

"आत्ता कसं? पूजेत हाय ते. उद्या उचलायचं."

"अगं, अपडेट अर्धवट असताना बंद झालंय ते."

"माग पण बंदच हाय की. एक दिवस इसावा नको का?"

मी हट्ट सोडला. जे व्हायचं ते होऊन गेलेलं होतं, आज उचललं काय नि उद्या उचललं काय.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर त्यांनी तो चालू केला. पडद्यावर नुसतं चिन्ह आलं आणि तिथेच थांबलं. आईने व्हिडिओ कॉल लावला. मी म्हटलं, वरची दोन बटणं एकदम दाबा. पप्पा म्हणाले, "वर चार हायेत, कुठली दोन?" आईचा हात हलत होता, मला कधी छत दिसायचं, कधी पप्पांचा गुडघा. शेवटी पप्पा म्हणाले, "स्टँडजवळच्या मोबाइलवाल्याकडे नेऊ का?"

"नको, पप्पा. आतलं मेमरी कार्ड लिनक्सचं आहे, त्याच्या कॉम्प्युटरला ओळखता येणार नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट करू का विचारेल, मोबाइलवाला हो म्हणेल, आणि सगळं पुसलं जाईल."

"मग तू ये."

खोलीवर मित्राने विचारलं, "खेळ कुठवर आलाय त्या सेव्हची कॉपी आहे ना कुठे?" नव्हती. एका कोऱ्या कार्डावर नवी सिस्टीम आणि तोच खेळ टाकून त्याने ते माझ्या हातात दिलं.

रविवारी एसटीने घरी गेलो. जुनं कार्ड लॅपटॉपला लावलं. माझ्याकडेही लिनक्सच, त्यामुळे ते उघडलं. खेळ होता, सेव्हची फाइल होती, नाव बरोबर होतं. आत काहीच नव्हतं. मी ती पुन्हा पुन्हा उघडत राहिलो. बाजूला पप्पा बसले होते. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आत जात नव्हती.

"गेलं का?" पप्पांनी विचारलं.

"पहिल्यापासून खेळावं लागेल."

त्यांनी नव्या कार्डावर पहिला घाट खेळून पाहिला. सहज झाला. कन्सोल खाली ठेवला. "हे येतंय मला. यात काय मजा. तूच खेळून धुक्यापर्यंत आणून दे." हात मांडीवर गेला आणि बोटं हळूहळू मिटली. ते मला बघवेना.

मी खेळायला बसलो. दुपार त्यातच गेली. धुक्याच्या आधी एक उतार आहे, तिथे माझी गाडी दरवेळी दरीत जायची.

"कॉलेजात हे शिकवत नाय वाटतं," पप्पा म्हणाले.

"नाही शिकवत."

"आण इकडे."

त्यांचीही गाडी दरीत गेली. पुन्हा गेली. आई म्हणाली, "दोघं मिळून किती गाड्या घालवणार हायेत?" पप्पा हसले नाहीत. त्यांनी पुन्हा सुरू केलं.

मला नाशिकची बस धरायची होती. आता कुणी विचारलं तर मी सांगतो, सेव्हची कॉपी दुसरीकडे ठेवा, आणि अपडेट चालू असेल तेव्हा घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. त्या दिवशी मात्र मी नुसती बॅग उचलली. चप्पल घालताना म्हटलं, "येतो, पप्पा." त्यांनी वर पाहिलं नाही. अंगठा वळणावर थरथरत होता, आणि गाडी अजून रस्त्यावर होती.