पाळकांच्या मातोश्री

कबरस्तानाच्या राखणदाराने ओल्या फडक्याने दगड पुसला, तशी शेवाळाखालून अक्षरं वर आली: 'पाळकांच्या मातोश्री'.

माझे खापरपणजोबा एकोणिसाव्या शतकात मेथॉडिस्ट चर्चचे पाळक झाले. ख्रिस्ती होताना त्यांनी विधवा आईला गावात एकटं टाकलं, असं आमच्या घरात सगळेच म्हणत. मी त्यांची कबर शोधत आलो होतो. शेजारी आईची असेल, हे स्वप्नातही नव्हतं.

"म्हातारी शेवटपर्यंत लेकाजवळच राहिली," राखणदार म्हणाला. "आमचे आजोबा सांगायचे. आधी कित्येक वर्षं चर्चबाहेर चिंचेखाली बसूनच ती लेकाचा उपदेश ऐकायची. मग एकदा आपणहून आत आली."

मी तिथेच गवतात बसलो. मेलेला माणूस बाजू मांडायला येत नाही, म्हणून आपण किती सहज त्याला दोषी ठरवून मोकळे होतो! आज मात्र फार हलकं वाटत होतं. मी वडिलांना फोन लावला.

"पप्पा, त्यांनी आईला टाकलं नव्हतं. दोघं शेजारी शेजारी आहेत."

पप्पांनी मोठा श्वास सोडला. "बरं झालं रे, बरं झालं." मग म्हणाले, "तिचं नाव काय होतं?"

मी वाकून खालची ओळ वाचली. "गंगाबाई."

"गंगाबाई," पप्पा हळूच म्हणाले. आमच्या घरात ते नाव पहिल्यांदाच कोणीतरी घेत होतं.