ठासणीच्या बंदुकीत शेजारीण

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला लेकाकडे मी तीन महिन्यांसाठी आले होते. तेवढ्यात करोना आला, विमानं बंद झाली. मग तिकडे गावी आमचे हे वारले. त्यांना अग्नी दिला ते मी फोनवर पाहिलं. दिराने फोन धरला होता, त्याचा हात हलत होता, धड दिसलंसुद्धा नाही. फोन ठेवला नि भाकऱ्या थापल्या. दुसरं काय करणार?

त्याच महिन्यात शेजारच्या गोऱ्या म्हाताऱ्याची बायको गेली. सून म्हणाली, "आई, त्यांच्या मिसेसची लास्ट विश आहे. राख तिच्या वडिलांच्या बंदुकीत भरून उडवायची."

म्हटलं, बरं आहे. इथे नदी तरी कुठाय?

बंदूक ठासणीची होती, चकमकीवर उडणारी. माझ्या बापाकडेही ठासणीची होती, रानडुकरांसाठी. शाळा मी दुसरीत सोडली, पण बंदुकीची दारू चिमटीत धरून ओळखायला शिकले. सुनेने हे सांगितल्यावर म्हाताऱ्याने दारूचे तीन डबे कुंपणापाशी मांडले आणि दीड मीटर लांबून, पाला गोळा करायच्या दाताळ्याने, माझ्याकडे ढकलले.

एका डब्यावर एकच इंग्रजी अक्षर दोनदा, दुसऱ्यावर तेच चारदा. पहिल्यात जाड्या रव्यासारखी दारू, दुसऱ्यात मैद्यासारखी बारीक. दोन्हींना गंधकाचा वास. दोन्ही तळाला गेलेल्या, जाडी तर एकाच बारापुरती. तिसरा डबा गच्च भरलेला.

"ही कसली?"

"सबस्टिट्यूट आहे, आई. खरीच्या ऐवजी. दुकानात आता हीच मिळते. ते हीच वापरणार म्हणतायत. खरीचा धूर फार होतो, वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागतो म्हणून मिसेस ओरडायच्या."

"ती आता कुठे कपडे वाळत घालणाराय? त्याला सांग, चकमकीच्या ठिणगीवर ही धड पेटायची नाही. फुसका गेला, तर बायकोला नळीतून खरवडून काढणार का?"

"आई, हे मी नाही सांगणार."

"सांग."

तिने सांगितलं. म्हाताऱ्याने दाताळ्याने तिसरा डबा परत ओढून घेतला. मग म्हणाला, "फेअर इनफ."

रविवारी त्याच्या मित्राच्या माळावर गेलो. नळीत जाडी, तिच्यावर कागद, मग चमचाभर शेजारीण, परत कागद. ठासून झाल्यावर कानापाशी, म्हणजे नळीच्या बाजूच्या भोकापाशी, ठिणगी धरायला रंजक म्हणून चिमूटभर बारीक. म्हाताऱ्याने चाप ओढला नि धडाड! पांढरा धूर, आणि नेमका वारा फिरला. निम्मी बाई आमच्याच अंगावर आली. सुनेचं काळं जॅकेट पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं झालं.

"तिला मला सोडवेना," म्हातारा म्हणाला आणि खाली बसून हसला. मग रडला. मग माझ्याकडे बघून सुनेला काहीतरी म्हणाला.

"आई, विचारतायत, बाबांसाठी एक बार काढू का?"

ह्यांची राख कुठली माझ्याकडे? तपकिरीची डबी तेवढी होती. ह्यांनी ओढू नये म्हणून निघताना मीच काढून आणली होती. किती विनवण्या केल्या होत्या त्यांनी. मी दिली नव्हती. त्यातली दोन चिमटी दिली.

खरी जाडी संपलेली. नळीत बदलीचीच दारू गेली, रंजकाला उरलेली बारीक. म्हाताऱ्याने चाप ओढला. कानापाशी भक्‌ झालं आणि पुढे नुसतं फुस्स.

"नाही झालं, आई," सून हळूच म्हणाली.

म्हातारा बंदूक खाली घेणार, तोच मी ओरडले, "हलू नको! नळी तशीच समोर धर!" मराठीतच ओरडले, पण त्याला कळलं. दबलेला बार कधीकधी उशिरा उडतो, हे बापाकडे पाहिलं होतं.

उभे राहिलो. लग्नालाही हे मुहूर्त टळून गेल्यावर आले होते. चिखलात गाडी अडकली म्हणे. माझा बाप मांडवात लाल झाला होता.

आणि धडाड!

वारा तसाच आमच्याकडे. सुनेला शिंक आली, म्हाताऱ्याला आली, मला आली, थांबेचनात. करोनाच्या दिवसांत तीन माणसं दीड-दीड मीटरवर उभी राहून शिंकतायत.

"आले एकदाचे," मी म्हटलं आणि परत शिंकले.