होडीचं बी

छगनकाकांना कुणी जुन्या होडीबद्दल काही विचारायला जाऊ नये. मी गेले, म्हणून सांगते.

आजोबांनी मला आणि माझ्या भावाला, रविराजला, जे काही मागे ठेवलं त्यात एक होडी होती. आंब्याचं अख्खं खोड कोरून केलेली. सोनईच्या मळ्यात जनावरं तिच्यात पाणी प्यायची. कुठून आणली विचारलं, की आजोबा "नदीवरनं" एवढंच सांगायचे. रविराजला तेवढं पुरलं. शिंगणापूर रस्त्यावर त्यानं हॉटेल काढलं, होडी दारात मांडली आणि पाटी रंगवायला टाकली: 'शिवकालीन होडी, आमच्या पूर्वजांची'. मी राहात्याला शाळेत इतिहास शिकवते. माझं काय झालं असेल बघा.

"आधी जाणकाराला दाखव," मी म्हटलं.

"आण की तुझा जाणकार," तो म्हणाला.

जाणकार म्हणजे हे छगनकाका. नेवाशाकडे, धरणाच्या फुगवट्याच्या काठाला राहतात, मासेमारांच्या होड्या दुरुस्त करतात. कुणाकडे जुनी लाकडी होडी आहे असं कानावर आलं, की एसटी पकडून बघायला जातात, आणि हे गेली चाळीस वर्षं. मालक म्हणतो पेशव्यांच्या काळातली. काका म्हणतात, "तुमच्या चुलत्याच्या लग्नातली आसंल," आणि चहा न घेता उठतात. गोड बोलणं या माणसाला शिवलेलं नाही.

त्यांची पारख एका गोष्टीवर चालते. त्यांच्याकडे नवी होडी कोरली, की घरच्या जुन्या होडीचा तळहाताएवढा तुकडा काढून नवीच्या तोंडाशी बसवतात. त्याला बी म्हणतात. बी नसलेली होडी पाण्यात घालत नाहीत. प्रत्येक घराच्या बीचा आकार ठरलेला, कुणाचा चौकोनी, कुणाचा गोल. काकांच्या घराचा आंब्याच्या पानाचा.

मी त्यांना गाडीत घालून आणत होते, तेव्हा वाटेत ते आपणहून बोलले.

"धरनाचं पानी चढलं त्या साली मी अकरा वर्साचा हुतो. सांच्याला होडी बांधायचं काम माझ्याकडं. सकाळी बघतो तर खुटा हाय, होडी न्हाई. बापानं मारलं न्हाई. पर पुन्यांदा त्यानं होडी कोरली न्हाई. बी कुठनं आनायचं?"

तीन वर्षांपूर्वी काकांनी स्वतःच होडी कोरली. बी नाही, म्हणून ती अंगणात पडून आहे आणि तिच्यात कोंबड्या बसतात. गाव हसतं, फायबरची घ्या म्हणतं. मलाही ते खुळ्यासारखंच वाटलं, खोटं कशाला बोलू?

हॉटेलपाशी उतरलो आणि माझं डोकंच फिरलं. रविराजनं आदल्याच आठवड्यात होडी घासून, रंगवून, चकचकीत करून ठेवली होती. आरशासारखं तोंड बघावं अशी.

"ह्ये कुनी केलं?" काका ओरडले. "होडी हाय का नवरी?"

ते तोंडाकडच्या भागावर बोटं फिरवत राहिले. एका जागी थांबले, नखानं टोकरलं. "हितं काय भरलंय?"

"लांबी, भोकं बुजवायची," रविराज म्हणाला. "तिथं कुजका तुकडा होता. पॉलिशवाल्यानं उपटून काढला."

"टाकला कुठं?"

"बंबात घातला असेल. कुजकाच होता, काका."

मी कपाळावर हात मारला. काकांनी पिशवीतून पटाशी काढली आणि रविराज नको नको म्हणत असताना लांबी खरवडली. आत खाच निघाली. मधे फुगीर, एका टोकाला निमुळती, मागे देठसुद्धा. काका खाली बसले आणि बोटानं त्या पानाची कड गिरवली.

"माझ्या बापाची हाय," ते म्हणाले. "त्या पान्यात वाहून बाभळीत आडकली आसंल, आन तुमच्या आजानं उचलली आसंल. मला तळहाताएवढा तुकडा द्या, मालक. दुसरं काय नगं."

रविराजनं विचार केला. माझ्या भावानं विचार केला, की मला धडकीच भरते. त्यानं मोबाईल काढला. "तुकडा देतो. पण आधी यात बोला, होडी शिवकालीन आहे. तुमचं सगळे ऐकतात."

काका उठले, टोपी नीट केली. मला वाटलं, संपलं. पन्नास वर्षं वाट बघितलेला माणूस दोन शब्द बोलायला काय मागेपुढे बघणार? मी असते तर बोलले असते.

"ही होडी," काका मोबाईलकडे बघून म्हणाले, "माझ्या बापानं कोरली. सत्तर वर्सं झाली आसत्याल. पोरानं गाठ सैल बांधली म्हून गेली." मग पटाशी पिशवीत टाकली आणि रस्त्याला लागले.

"बघितलंस? असली माणसं!" रविराज म्हणाला.

मला दोघांचाही संताप आला. मी स्वयंपाकघरामागून करवत आणली. "होडी दोघांत आहे ना? पुढची अर्धी माझी."

"कुणी ठरवलं?"

"आत्ता मी."

काकांना हाक मारून माघारी बोलावलं, करवत पुढे केली. त्यांनी पातं लाकडावर टेकवलं, पण बापाच्या होडीवर त्यांना ते ओढवेना. त्यांनी करवत माझ्याकडे दिली. मी आयुष्यात भोपळ्यापेक्षा कठीण काही कापलेलं नाही. रविराज पाठमोरा उभा राहून कुणाला तरी फोन लावत होता आणि काका माझ्या डोक्यावर उभे राहून शिव्याच तेवढ्या देत नव्हते.

"करवत आशी धरत्यात व्हय? लाकूड हाय, वैरी न्हाई! वाकडं गेलं, वाकडं गेलं!"

तुकडा निघाला, वाकडाच निघाला. त्यांनी तो उलटासुलटा करून बघितला. "लईच वाईट कापला, बाई," म्हणाले. आभार वगैरे काही नाही. तो त्यांनी टोपीत ठेवला. मग गुडघे टेकून बसले आणि फरशीवर पडलेला सगळा भुसा चिमटीचिमटीनं वेचून टोपीत भरू लागले.