न दिलेला विस्तव

वणव्याचं ते प्रकरण माझ्या मनातून गेलेलं नाही. गेल्या रविवारी फोनवर तुम्ही सांगितलंत, की डोंगरापलीकडे आग लागली म्हणून अर्ध्या तासात घर सोडायला लागलं, तेव्हा मला आधी त्या वणव्यातली वस्ती आठवली. तुमचे आजोबा निजामाच्या पोलिसात अमीन होते, म्हणजे आजच्या भाषेत फौजदार. निवृत्तीनंतर लोक त्यांना म्हणत, आठवणी लिहा. ते म्हणत, "आयुष्यभर ठाण्याचा रोजनामचा लिहिला, आता पुरे." म्हणून हे मी लिहिते आहे. जे पाहिलं ते माझं, बाकीचं त्यांनी सांगितलेलं. नावं कुणाचीच लिहीत नाही, कारण त्या घरांतली माणसं अजून त्याच डोंगरावर राहतात.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आमचं ठाणं तुळजापूरच्या डोंगराखाली, तामलवाडीच्या अंगाला. दोन खोल्या ठाण्याच्या आणि त्यांच्या भिंतीला भिंत लावून दोन खोल्या आमच्या. मी सोलापुरात मॅट्रिकपर्यंत इंग्रजी शिकलेली, पण ठाण्याचा सगळा कारभार उर्दूत, त्यामुळे तिथल्या कागदांपुढे मी अडाणीच. भिंत मात्र पातळ होती. वाचता येत नसलं तरी ऐकू सगळं येई.

फाल्गुन संपत आला होता. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ. मी अंगणात कपडे वाळत घातले होते, ते काढायला गेले तर डोंगराच्या पायथ्याला, ओढ्यापाशी, धुराची एक बारीक रेघ दिसली. दोरीवरचे सहा-सात कपडे गोळा करून वळले, तेवढ्यात धूर अर्ध्या डोंगरावर पोचला होता. सपाटीवर आग चालते, चढावर ती पळते. खालचा जाळ वरच्या गवतावर झुकतो, ते आधीच तापवून ठेवतो, आणि मग वारा असेल तर माणसाला तिच्यापुढे धावता येत नाही. हे मला त्या दिवशी कळलं.

डोंगराच्या मध्यावर एका सपाट टेपावर तीन घरांची वस्ती होती. वर कडा, खाली उतार, आणि उतारावर एका जहागिरदाराचं राखीव कुरण. घरांवर तुराट्यांचं आणि गवताचं छप्पर, भोवती लांडग्यांसाठी बोरी-बाभळीचं वाळलेलं कुंपण. पुरुष बाजाराला गेलेले. आजोबा दोन जवान घेऊन पळतच निघाले, पण ते पोचेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. कुरण काळंठिक्कर. तिसऱ्या घराला कुलूप होतं, ते घर आणि दोन शेळ्या जळाल्या. उरलेली दोन घरं मात्र वाचली, आणि कुणीही दगावलं नाही, याचंच सगळ्यांना नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली. कुरणाचा राखणदार ठाण्याच्या पायरीवर बसून सांगत होता, "सायब, म्या माझ्या डोळ्यांनं बघितलं. वस्तीवरली म्हातारी जळतं लाकूड घिऊन गवताला लावत हुती. इकडनं तिकडं, रेघ वढल्यागत."

जमादार जाऊन म्हातारीला घेऊन आले. पासष्टीची असेल. वाकलेली, गुडघ्यांनी अधू, हातांच्या पाठीवर भाजल्याचे फोड. जबानी घेताना मी भिंतीपलीकडे तांदूळ निवडत होते.

"आजी, आग कुणी लावली?"

"म्या लावली."

"कशानं?"

"जळत्या लाकडानं."

"आणि खाली ओढ्यापाशी? तीही तुम्हीच?"

"समदी म्याच लावली. लिवा तुमी."

"ओढ्यापाशी कधी गेला होता?"

यावर म्हातारी काही बोलली नाही.

जमादार खूश झाले. "साब, बुढ्ढी खुद कबूल करती. अब क्या बाकी है?"

आजोबा म्हणाले, "जमादार, आग खालून वर आली. यांचे गुडघे बघा. या गुडघ्यांनी डोंगर उतरल्या, आग लावली, आणि आगीच्या आधी वर पोचल्या?"

आजोबांचा एक ठोकताळा होता. स्वतःला वाचवण्यासाठी खोटं बोलणारा न विचारलेले तपशील देतो. दुसऱ्याला वाचवणारा तपशील विचारला की गप्प होतो. म्हातारी गप्प होत होती. पण कबुली कागदावर आली होती, जहागिरदाराच्या कारभाऱ्याचा माणूस सकाळपासून दोनदा येऊन गेला होता. कागद धाराशिवच्या कोर्टात गेले असते, तर म्हातारीला सजा ठरलेली. त्या वयात ती भोगून कुणी परत येत नाही.

जमादारांचं म्हणणं, काडीपेटी सापडली की गुन्हेगार सापडला. लढाईमुळे काडीपेट्या मिळेनाशा झाल्या होत्या, त्यामुळे ज्याच्याकडे पेटी तोच संशयित. खालच्या गावात झडत्या झाल्या. साऱ्या गावात मिळून पेट्या निघाल्या दोन. त्यांतली एक पाटलांच्या घरात, धान्याच्या कणगीत. पाटलांनी ती सख्ख्या भावापासून लपवली होती. तपासात तिचा काही उपयोग झाला नाही, पाटलांच्या घरात मात्र भांडण पेटलं.

बायकांसाठी वेगळी हवालात नव्हती. म्हातारीला आमच्याच ओसरीवर ठेवलं होतं, दाराशी एक जवान. मी भाकरी दिली तर तिने कोपरा मोडून तशीच ठेवली.

"खा ना आजी."

"घरात वली बाळंतीण हाय, बाई. आज पाचवी नातवाची. ल्योक करंल पेज, पर त्या येड्याला मीठ किती घालावं त्ये बी कळत न्हाय."

नातवाची पाचवी घरी, आणि आजी पोलिसांच्या ओसरीवर.

तिसऱ्या दिवशी सकाळी माझी चूल विझलेली निघाली. राखेखाली गोवरी झाकून ठेवायची विसरले होते. मी कुंपणावरून जमादारांच्या बायकोला हाक मारली. ती खापरावर दोन निखारे घेऊन हसत आली. "घ्या! अमीनसाबाच्या चुलीत आग न्हाय, अन् आमचे जमादार गावभर आग हुडकत फिरत्यात!"

ओसरीवरून म्हातारी एकदम ओरडली, "झाकून आन गं बाई! राख टाक वर, राख! वारं सुटलंय!"

आणि तोंडाला पदर लावून ती हुंदके द्यायला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदाच.

मी खापर हातात धरून तशीच उभी राहिले. सगळं ठाणं काडीपेटी शोधत होतं. विडी ओढणाऱ्या पुरुषांना आग म्हणजे काडीपेटी वाटते. बायकांना माहीत असतं, की आग शेजारणीकडून येते. मी तिच्याजवळ बसले.

"आजी, वस्तीवर कुणाची चूल विझली, तर विस्तव कुठून आणतात?"

"आमच्याकडनंच की. माझी चूल चाळीस वर्सात विझली न्हाय."

"मग त्या दिवशी कुणी मागायला आलं होतं?"

तिने एकदा दाराशी बसलेल्या जवानाच्या पाठीकडे बघितलं. मग हळू आवाजात बोलायला लागली.

"मधल्या घरातली सून आली हुती. दारात उभी राहिली. म्या म्हनलं, घरात बाळंतीण हाय, चार दिस झाल्यात, विस्तव भाईर द्यायचा नस्तो. जा खाली गावात. ती म्हनली, आत्या, ऊन लई हाय. म्या म्हनलं, माझ्या नातवाचं बरंवाईट झालं तर तुझं ऊन काय कामाचं? गेली बिचारी. खापर बी म्याच दिलं तिला."

बाळंतिणीच्या घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, ही रीत तेव्हा सगळीकडे होती. आमच्या घरीही होती.

"मग?"

"मग खालनं धूर आला. वळखलं म्या. वर कडा, खाली जाळ, अन् घरात चार दिसाचं पोर. बाळंतिणीला घिऊन पळायचं कुठं? आगीच्या आदी आपनच गवत जाळायचं, म्हंजी तिला खायाला काय उरत न्हाय. माझा सासरा असंच करायचा. लाकूड घेतलं अन् कुंपनाच्या खालनं गवत पेटवत गेले. घोंगडं भिजवून घराकडचा जाळ मारत."

"लाकूड कुठल्या चुलीतलं घेतलं?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी काही वेड्यासारखं विचारलं. "दुसरी चूल कुठं हुती, बाई?"

मी आत जाऊन आजोबांना सगळं सांगितलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "मधल्या घरातली सून वस्तीवर नाही. बेंबळीला माहेरी गेली म्हणतात. सण नाही, जत्रा नाही, घर धुरानं काळं झालेलं असताना माहेरी कशी, हे माझ्या मनात कालपासून आहे."

त्यांनी एका जवानाला बेंबळीला पाठवलं आणि स्वतः पंच घेऊन पायवाटेने वस्तीकडे निघाले. ओढ्याच्या वळणावर, जिथून गवत काळं व्हायला लागतं नेमकं तिथे, फुटलेलं खापर सापडलं. आजूबाजूला हिरव्या फांद्या मोडून पडलेल्या, पाला जळालेला. आग विझवायची धडपड तिथे स्पष्ट दिसत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत बेंबळीहून बैलगाडी आली. सून विशीच्या आतली. तळपायांना कोरफड लावून फडकी गुंडाळलेली. जाळ मारून मारून थकल्यावर ती वस्तीला सांगायला वर धावली होती, पण आग तिच्या पुढे गेली. शेवटी दगडी घळीत तोंड खाली करून पडून राहिली, म्हणून जगली. गाडीतून उतरताना तिला ओसरीवर म्हातारी दिसली आणि ती तिथंच खाली बसली.

"आत्या, तुमी कशाला सांगितलं म्या लावली म्हनून? ठिणगी माझ्या हातनं पडली."

"गप. अंगावरचं दूध आटंल पोरीचं, तिच्यापाशी जा तू. मला ऱ्हाऊ दे हितं."

"तुमची सून हाय ती. तुमी जा."

"आगं, म्या विस्तव दिला असता, तर तू गेली असतीस का खाली?"

दोघी अगदी भांडायच्या सुरात बोलत होत्या. जमादार माझ्याकडे बघून म्हणाले, "अम्मा, ऐसे मुजरिम पहली बार देखे. सजा के वास्ते झगडते."

आजोबांनी सुनेला एकच प्रश्न विचारला. "कुंपणापर्यंत कंबरेएवढं गवत उभं होतं. घराला लागून असं ठेवतं का कुणी?"

"कापायचं कशानं? विळे राखनदारानं नेले. कुरनातली काडी कापायची न्हाय म्हनला."

राखणदाराच्या खोपीत वळचणीला पाच विळे टांगलेले निघाले. आजोबांनी पाचही मुद्देमाल म्हणून ठाण्यात आणले.

कारभारी स्वतः आला. "अमीनसाब, दोघींतली एक तरी द्या. मालकांना काय सांगू?"

"सांगा, की निखारा वाऱ्यानं उडाला आणि गुन्ह्याचा हेतू नव्हता. आणि घरांपर्यंत गवत उभं राहिलं ते का, हेही मी त्याच कागदात लिहितो आहे. विळ्यांसकट. पाठवू वर?"

कारभाऱ्याने कागद वर गेला नाही तरी चालेल असं सुचवलं. आजोबांनी तो पाठवलाच. प्रकरण अपघात म्हणून बंद झालं.

म्हातारीला सोडताना ती अडून बसली. "माझी चूक हाय. लिवलं का त्ये?"

"आजी, विस्तव न दिल्याबद्दल कायद्यात कलम नाही. घरी जा. पोराला बघा."

विळे त्यांनी त्या घरांतल्या बायकांना अंगठे घेऊन परत दिले.

आजोबा पुढे अनेक वर्षं नोकरीत होते. ते म्हणत, की त्या प्रकरणाआधी ते पहिला प्रश्न विचारत, 'कुणी केलं?' त्यानंतर ते आधी विचारू लागले, 'या माणसाला तिथं जावं का लागलं?' आणि बायकांच्या जबान्या घ्यायच्या असल्या की मला बोलवू लागले. मला त्यातून साधं काही कळलं. डोंगरात राहणाऱ्यांना आग पाहून विचार करायला वेळ मिळत नाही, विचार आधीच करून ठेवायला लागतो. तुम्हाला निघा म्हणतील तेव्हा निघा. वर चढू नका. कागदपत्रांसाठी, फोटोंसाठी, कशाहीसाठी मागे फिरू नका. शेजारी कोण आजारी आहे, कुणाकडे तान्हं मूल आहे, हे तुमच्या वसाहतीत कुणाला माहीत नसेल तर तुम्ही माहीत करून घ्या. आणि घराभोवतीचं गवत वेळेवर कापा, त्यावर कुणाची का मालकी असेना.

पुढच्या फाल्गुनात त्या वस्तीभोवती वीस पावलं जमीन हाताच्या तळव्यासारखी साफ होती. कारभाऱ्याने लेखी फिर्याद दिली, की राखीव कुरणातलं गवत अज्ञात इसमांनी कापून नेलं. आजोबांनी ती रीतसर दाखल करून घेतली.

जमादार म्हणाले, "साब, चोर तो अपने को मालूम है."

"मालूम आहे म्हणून तर घाई नाही," आजोबा म्हणाले. "लिहा, तपास चालू."

निजामाचं राज्य गेलं, ठाण्याचे कागद उर्दूतून मराठीत आले, आमची बदली झाली. आजोबांनी नव्या फौजदाराला चार्ज दिला, तेव्हा त्या फिर्यादीवर नवीन शाईने पुन्हा 'तपास चालू' असंच लिहिलं, आणि ती जमीन दर फाल्गुनात साफ होत राहिली.