पूजेतला दोर

माझ्या लग्नात माहेरून आलेल्या बाजेचे चारही पाय माझ्या नवऱ्याने करवतीने कापले, तेव्हा मी मळ्यात वांगी तोडत होते. घरी आले तर ओसरीवर भुसा पडलेला आणि चार सागवानी पाय भिंतीला टेकवून ठेवलेले. बाज चोरीला गेली असती तरी मला इतका धक्का बसला नसता.

"मायसाठी जीपमंदी झोपणं करून राह्यलो," नवरा म्हणाला. "नवार नाही कापली. पाय तेवढे कापले."

जणू माझ्यावर उपकारच केले होते. त्या दिवशी मी चूल पेटवली नाही आणि पुढे चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

ती जीप म्हणजे लष्करातून मोडीत निघालेली गाडी. लिलावात मलकापूरच्या एका कापूस व्यापाऱ्याने घेतलेली आणि त्याच्या आवारात गाठींच्या आडोशाला दोन वर्षं गंजत पडलेली. मलकापूर माझं माहेर. टप नसलेली, मागची बैठक नसलेली, एका दिव्याच्या जागी भोक असलेली ती गाडी चालवत आमचे हे बाजारपेठेतून निघाले, ते माझ्या अख्ख्या माहेराने पाहिलं. मोताळ्यावरून घाट चढून ते आमच्या गावी, जानेफळला पोचले तिसऱ्या दिवशी. अंगभर धूळ आणि तोंडभर हसू. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता, खेडोपाडी रस्ते येणार असं सगळे म्हणत होते. नवऱ्याचं म्हणणं असं की रस्ता येईपर्यंत थांबायचं कशाला, हिची चारही चाकं ओढतात, हिला रस्ता लागत नाही.

हा सगळा खटाटोप होता आत्याबाईंसाठी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. त्यांचं माहेर मेहकरच्या पुढे, पैनगंगेच्या पलीकडे. बारा वर्षांपूर्वी तिथून परत येताना नदीच्या उतारावर त्यांची बैलगाडी कलंडली आणि कंबरेचं हाड मोडलं. ते वाकडंच सांधलं. घरात त्या काठी धरून फिरायच्या, पण बैलगाडीचा एक हिसका बसला की डोळ्यांत पाणी यायचं. त्यामुळे माहेर तुटलं. त्यांचा धाकटा भाऊ, आमचे मामा, दर भाऊबीजेला येत. दोन वर्षांपासून दम्याने त्यांचंही येणं बंद झालं. बहीण इकडे अडकली, भाऊ तिकडे. दसऱ्याला जाऊन भावाच्या हातावर सोनं ठेवायचं, एवढी एकच इच्छा आत्याबाई बोलून दाखवायच्या, आणि नवऱ्याने ती मनावर घेतली होती.

मनावर घेतली म्हणजे काय, घर डोक्यावर घेतलं. गाडी उंच हवी म्हणून भंगारातल्या ट्रकच्या स्प्रिंगचे पाटे आणून चाकांवर बसवले. नदीत पाणी शिरू नये म्हणून विहिरीवरच्या जुन्या इंजिनाचा पाइप जोडून धूर वर सोडला. तेव्हापासून ती गाडी अशी डरकाळ्या फोडायची की शेजारची म्हैस दूध द्यायची थांबली. शेजारीण माझ्याशी भांडायला आली, जणू मीच तो पाइप बसवला होता.

गाडी आत्याबाईंना सोसेल का, हे पाहण्यासाठी नवऱ्याने मला सांगितलं, "तू बाजीवर झोप, मी गावातून एक चक्कर मारतो." गावची सून भर दिवसा बाजेवर आडवी होऊन वेशीतून निघाली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे येऊन मी थंडच पडले. त्याला मात्र त्यात काही वावगं दिसत नव्हतं. मी ठाम नाही म्हटल्यावर मग त्याने माझ्याऐवजी टोमॅटोची टोपली ठेवली. आम्ही माळव्याची, भाजीपाला पिकवणारी माणसं. कोणता गाडीवान गाडी नीट हाकतो हे आमच्याकडे टोमॅटोवरूनच कळतं.

मळ्याच्या धुऱ्याने, बांधाबांधाने फेरी मारून गाडी आली तेव्हा टोपलीतून रस गळत होता. उंचीसाठी घातलेल्या पाट्यांनी गाडी दगडासारखी ताठ झाली होती. नवऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मग निम्मे पाटे काढले, बाज चामडी पट्ट्यांनी पाळण्यासारखी टांगली, काढून घेता यावी म्हणून चार कोपऱ्यांना आकडे लावले. दुसऱ्या फेरीत सात टोमॅटो फुटले. तिसऱ्या फेरीनंतर आत्याबाईंनी ओट्यावर बसून टोपली स्वतः उपसली, एकेक फळ दाबून पाहिलं. एकही फुटलं नव्हतं. त्यातलंच एक पदराला पुसून त्यांनी खाल्लं. माझा राग तिथे थोडा निवळला, हे कबूल करते.

चिखलात अडकलं तर म्हणून नवऱ्याने सामानही जमवलं होतं. कापसाच्या गाठी ओढायचा जाडजूड दोर, जॅक, फावडं, पहार, पाने आणि चाकाखाली घालायला जुन्या बैलगाडीच्या दोन फळ्या. दसऱ्याच्या सकाळी निघायचं ठरलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी नांगर, विळे, पहारी, जे काही कामाचं हत्यार असेल ते धुऊन पूजेत मांडतात आणि दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत त्याला हात लावत नाहीत. पूजा मी मांडली. जीपमधलं सगळं सामानही आणून मांडलं. जॅक रॉकेलने पुसला, पान्यांना हळदकुंकू लावलं, दोराचं वेटोळं करून त्यावर झेंडू वाहिला. फळ्यासुद्धा सोडल्या नाहीत. घ्या म्हटलं, तुमच्या जीपची पूजा.

दुपारी जेवणं होत होती तेव्हा मामांच्या गावचा एक माणूस सायकलवरून आला. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि म्हणाला, "मामाचा श्वास लई वाढला. बाईले घेऊन या म्हणते." मामा आपल्या थोरल्या बहिणीला बाई म्हणत.

आत्याबाई ताटावरून उठल्या. नवऱ्याने जीप दाराशी आणली आणि धावत देवघरात जाऊन दोराला हात घातला.

"ते राहू दे," आत्याबाई म्हणाल्या. "पूजेतलं उचलू नोको."

"माय, नदी हाये मधात."

"म्हूनच म्हणतो. चांगल्या कामाले निघालो, अपशकून कायले?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मला चांगलं कळलं. आमच्या घरात एक रीत पडून गेली होती. आत्याबाईंनी नाही म्हणायचं आणि मी गुपचूप करायचं. चातुर्मासात कांदा नाही म्हणाल्या तर मी मागच्या चुलीवर नवऱ्यापुरती कांद्याची भाजी करायचे. अमावास्येला मळ्यात जाऊ नका म्हणाल्या तर मी मागच्या दाराने जाऊन यायचे. माझ्या माहेरी तर खंडेनवमीला तराजू पुजून झाल्यावर गिऱ्हाईक आलं की त्याच तराजूत माल तोलत. माझा त्या बंधनावर काडीचा विश्वास नव्हता. दोर गोधडीत गुंडाळून बाजेखाली टाकायला मला कितीसा वेळ लागला असता?

पण भिंतीला टेकवलेले ते चार पाय तिथेच होते. नवऱ्याने नजरेने मागितलेली मदत करायची माझी इच्छा झाली नाही. सोसू दे थोडं, असं माझ्या मनात आलं. हे मी आज प्रथमच लिहिते आहे.

मेहकरपर्यंत गाडी छान गेली. तिथून पुढे चाकोरी, नाले, दगड. आत्याबाई बाजेवर झुलत होत्या आणि आश्चर्याने बोलत होत्या, "हिसका लागतच नाही व." नवऱ्याची मान अशी ताठ की मागूनही कळावी. निरोप्या त्याच्या शेजारी बसून वाट दाखवत होता.

नदीला गुडघाभर पाणी होतं. नवऱ्याने दांडा ओढून चारही चाकं लावली आणि गाडी पाण्यात घातली. मधली धार सहज पार झाली. पलीकडचा काठ हाताच्या अंतरावर आला आणि गाडी एकदम खाली बसली. रेती वरून टणक दिसत होती, आत पोकळ होती. चारही चाकं जागच्या जागी फिरत राहिली. गाडीचं पोटच रेतीवर टेकलं होतं.

नवरा उतरला, वाकून पाहिलं, आणि सवयीने मागे हात घातला. जॅक घ्यायला. हात तसाच राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पाहिला.

निरोप्या गावाकडे पळाला. गाव अर्ध्या कोसावर. थोड्या वेळाने वीसेक माणसं आली, आणि सगळी रिकाम्या हातांनी. मला वाटलं, मागून कोणी दोर घेऊन येत असेल. कोणी येत नव्हतं.

"दोर काऊन नाही आणला?" नवरा ओरडला.

"आज खंडेनवमी ना," त्यांच्यातला एक म्हातारा म्हणाला. "दोर, फावडे, समदं पूजेत. बैलाचं जू बी पूजेत."

काठावर वीस धडधाकट माणसं उभी, पलीकडे घराघरात दोर पडलेले, आणि आमची गाडी रेतीत. त्यांना वेडं म्हणावं तर माझ्या देवघरात काय होतं? माणसं मात्र मनाने चांगली. कमरेइतकी वाकून हातांनी रेती उपसू लागली. दोन बायका घरून पितळी पराती घेऊन आल्या, परात काही हत्यार नव्हे. उपसलेली रेती पुन्हा आत यायची. मध्येच नवरा इंजिन जोरात फिरवायचा, तो वरचा पाइप डरकाळ्या फोडायचा, चाकं अजून खोल जायची. असं तासभर चाललं.

मग आत्याबाई बाजेवरूनच म्हणाल्या, "मले बाजीसकट न्या."

आकडे सोडवले. चौघांनी बाज खांद्यावर घेतली, पुढे उजव्या हाताला माझा नवरा. ऊन तोंडावर येत होतं म्हणून आत्याबाईंनी पदर चेहऱ्यावर ओढून घेतला. मी मागून चालत होते. चार खांद्यांवर आडवं माणूस, तोंड झाकलेलं, पुढे मुलगा. कोणी तरी काही बोलावं असं वाटत होतं, पण तेही बहुतेक तेच पाहत होते.

गावाच्या वेशीत शिरलो आणि बायकांचा एकच आक्रोश कानावर आला.

आत्याबाईंनी पदर झटकला, कोपरावर उठल्या आणि हात हलवून हसायला लागल्या. "अवं, जिती हावो मी. रडता काऊन? गाडी फसली म्हून अशी आली." बाज वाहणारेही हसले. मीसुद्धा हसले.

रडणं थांबलं नाही. आम्ही जसजसे पुढे जात होतो तसतसं ते वाढत होतं. आत्याबाईंचा हात हवेत तसाच राहिला.

मामांना जाऊन घटकाही झाली नव्हती. मामींनीच सांगितलं, अगदी साध्या आवाजात. नदीतून जीपचा आवाज आला तेव्हा ते शुद्धीवर होते. "बाई आली" म्हणाले, मला बसवा म्हणाले. पाठीला उशी देऊन त्यांना दाराकडे तोंड करून बसवलं. आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. प्रत्येक वेळी ते विचारायचे, आली का? ते तसेच बसलेले होते. दाराकडे तोंड करून.

आत्याबाईंनी पदराच्या गाठीतली आपट्याची पानं सोडून त्यांच्या हातावर ठेवली. दसरा उद्या होता.

दुसऱ्या संध्याकाळी सीमोल्लंघन झाल्यावर गावातली माणसं दोर, फावडी आणि बैलांच्या दोन जोड्या घेऊन नदीवर गेली. गाडी निघायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. मी काठावर उभी होते. ते पाहणं मला त्या कापलेल्या बाजेपेक्षा, खांद्यावरच्या बाजेपेक्षाही जड गेलं. एवढंसं काम होतं ते.

मामांचे दिवस उरकून आम्ही जानेफळला परतलो. देवघरात पूजा तशीच होती. दोरावरचा झेंडू वाळून तपकिरी झालेला. मी तो निवडून काढत होते. आत्याबाई काठी टेकत आल्या आणि उंबऱ्यावर बसल्या.

"हे समदं जीपमंदी ठेव," त्या म्हणाल्या. "पुढच्या सालापासून पूजा तिथंच करत जा."

मी मान हलवली. दोर उचलला. तो इतका जड असेल असं वाटलं नव्हतं.

"आत्याबाई, तुम्हीच नाही म्हणाल्या होत्या," मी म्हणाले. मला कसं बोलवलं कोण जाणे.

त्या रागावल्या नाहीत.

"हाव. मी नाही म्हणलं," त्या म्हणाल्या. "पण तू टाकला असशीन असं मले वाटलं होतं. नदीत गाडी बसली तवा मी बाजीखाली हात घालून पाह्यला."