बाळकृष्ण गाउड्याला राहिला

मी भाविक आहे की नुसती शिस्तीची, हे मला लग्नानंतरची चोवीस वर्षं कळलं नव्हतं. अमेरिकेत, फ्रिस्कोतल्या घरी ऑफिसच्या पहिल्या मीटिंगआधी देवाला आंघोळ, गंध, नैवेद्य, त्यात कधी खंड नाही. लग्नात आईने दिलेला पितळी बाळकृष्ण प्रवासातही माझ्याबरोबर असतो. गेल्या वर्षी आई पुण्यात वारली आणि व्हिसाच्या कागदांपायी मी इथेच अडकले. शेवटचे दोन महिने तिची आंघोळ, जेवण, सगळं शेजारच्या काकूंनी केलं. लेकीच्या हातचं पाणीसुद्धा तिला मिळू दिलं नाहीस, हा माझा देवावरचा राग. तेव्हापासून मी पूजा करत होते, पण त्याच्याशी बोलत नव्हते.

यंदा कागद सुटले, तेव्हा मन रमावं म्हणून नवऱ्याने हॉलंडची सहल ठरवली. माझ्या पिशवीत आईचं नाव कोरलेले दोन सारखेच स्टीलचे डबे होते. एकात बेसनाचे लाडू, दुसऱ्यात मऊ फडक्यात गुंडाळलेला बाळकृष्ण. हेगला जाताना आगगाडीत एका डच बाईंनी सांगितलं, की पुढे या गाडीचे दोन भाग होतात आणि आम्ही चुकीच्या भागात बसलोय. त्यांनी स्वतः आमची बॅग ओढत आम्हाला योग्य डब्यात नेऊन बसवलं. गाउडा स्टेशन आलं, त्या उतरायला निघाल्या. आपल्याला कुणाला रिकाम्या हाताने पाठवायची सवय कुठे? “स्वीट्स,” असं म्हणत मी घाईने त्यांच्या हातात एक डबा कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉटेलात पूजेला बसले, डबा उघडला, तर आत लाडू.

“अगं, फ्रिस्कोत दुसरा मिळेल, यार,” नवरा म्हणाला. मग माझा चेहरा बघून त्याने फोन उचलला. “बरं, म्युझियम कॅन्सल केलं. चल.”

बाईंचं नाव ठाऊक नव्हतं. घर गावाबाहेर, पाण्याकाठी, एवढंच बोलण्यात आलं होतं. त्या देशात पाण्याकाठी नाही असं घर शोधून दाखवावं. गाउड्याला आम्ही भाड्याने सायकली घेतल्या आणि निघालो. एका बाजूला काठोकाठ भरलेला कालवा, दुसऱ्या बाजूला त्याच्याही खाली हिरवी शेतं आणि त्यात निवांत चरणाऱ्या गाई. वर पाणी, खाली गाई, आणि कुणाला कसली भीती नाही. इतक्या रागातही मी सायकल थांबवून बघत राहिले.

दोन तास फिरलो. एका पुलाशी पोचतो तोच घंटा वाजली, फाटक पडलं आणि बोट जाऊ देण्यासाठी पूलच वर उचलला गेला. आता यालाही आत्ताच मुहूर्त सापडला, म्हणून मी चिडले आणि तिथेच रडू फुटलं. शेजारी एक सावळ्या आजी सायकल धरून उभ्या होत्या. कपाळावर बारीक टिकली.

“रोवत काहे हो, बेटी?” त्यांनी विचारलं.

त्यांचे पणजोबा बिहारकडून डचांच्या वसाहतीत, सुरीनामला मजुरीला गेले होते, आणि त्या तरुणपणी तिथून हॉलंडला आल्या होत्या. मी डब्याचं सांगताच त्यांनी विचारलं, “डब्यावर नाव काय होतं?” मी आईचं नाव सांगितलं. वर्षभरात प्रथमच ते मोठ्याने उच्चारलं होतं. आजींनी माझा हात धरला. “घरी चल.”

गाडीतल्या डच बाई त्यांच्या शेजारच्याच निघाल्या. डब्यात देव दिसल्यावर त्या गांगरून आजींकडे धावल्या होत्या. आजींच्या देवघरात माझा बाळकृष्ण फुलात बसला होता. मी घाईने पाणी मागितलं, त्याची आंघोळ राहिली होती.

“झाली की,” आजी म्हणाल्या. “कोमट पाण्याने घातली. दूध दिलं. माझंच लेकरू समजून केलं सगळं.”

मी हात मांडीवर ठेवून खाली बसले. करायला काही उरलंच नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर काकू आल्या, आईच्या अंगावर कोमट पाणी ओतणाऱ्या, तिला घास भरवणाऱ्या. त्या हातांकडे मी वर्षभर चोराचे हात म्हणून बघत होते. देवा, ते हात तुझेच होते, आणि मी तुझ्याशी अबोला धरला.

बाळकृष्णाला आजींकडेच ठेवून फ्रिस्कोला परतल्यावर मी पुण्याला फोन लावला. “काकू, आईला आंघोळ घालताना ती काय बोलायची?” मी विचारलं. काकू तासभर सांगत राहिल्या आणि मी ऐकत राहिले.